डिझेलातलं मेण

गुजरातेतल्या एका रिफायनरीच्या प्रयोगशाळेत मी काम करते. गेल्या जानेवारीत रजा काढून सावद्याला घरी आले, तेव्हा आमच्या केळीची कापणी चालू होती. सकाळी वडिलांबरोबर, म्हणजे आबांबरोबर, मीही शेतात गेले. थंडी एवढी होती, की कापणीची माणसं चुलीभोवती हात शेकत उभी होती.

घडांनी भरलेली ट्रॉली निघाली आणि थोड्याच अंतरावर ट्रॅक्टर गचके देत बंद पडला. तिकडे रस्त्यावर ट्रक वाट पाहत होता. ट्रॅक्टरच्या ड्रायव्हरने डिझेलचा फिल्टर खोलला. आत पांढुरका, चिकट थर बसलेला.

"भेसळ आहे," तो म्हणाला.

आबा तडक मोटारसायकलीकडे निघाले. "त्या पंपवाल्याले पाह्यतोच आता!"

मी तो थर बोटांत चोळून पाहिला. उबेने तो लगेच वितळला.

"आबा, थांबा. हे डिझेल कधीचं?"

"पिंपातलं. उन्हाळ्यात भरून ठेवलं होतं."

"मग पंपवाल्याचा दोष नाही. हे डिझेलातलंच मेण आहे, थंडीनं गोठलंय."

तेवढ्यात ड्रायव्हर टाकीखाली चिंधी पेटवायला निघालेला दिसला. मी ओरडलेच त्याच्यावर. चुलीवर चहाचं आधण ठेवलेलं होतं, तेच उचलून आणलं, फिल्टर पुन्हा बसवायला लावला आणि त्याच्यावर, नळीवर बाहेरून हळूहळू ओतलं. आता ऊन चढेपर्यंत थांबायचं होतं.

आबा बांधावर बसले. "डिझेलात मेण कुठून आलं?"

मी सांगू लागले. जमिनीतलं तेल तापवून उंच मनोऱ्यात सोडतात. हलकं ते वर चढतं, जड ते खाली राहतं. वरून पेट्रोल निघतं, त्याखाली रॉकेल, मग डिझेल. तळाच्या गाळातून डांबर होतं. डिझेल घेताना खालचा जड भाग जास्त ओढला तर माल वाढतो, पण मेणही वाढतं. काही ठिकाणचं तेल तर मुळातच मेणकट. उन्हाळ्यात त्यानं बिघडत नाही, हिवाळ्यात मात्र तो भाग कमी घ्यावा लागतो.

"आन् तू काय करते त्यात?"

"डिझेल थंड करत जाते. बारीक जाळीतून यायचं किती अंशांवर थांबतं, ते पाहते."

आबांनी ट्रॅक्टरच्या फिल्टरकडे पाहिलं. "म्हंजे हेच."

"हेच."

इतकी वर्षं मी तो आकडा अहवालात भरत होते. त्यापायी अडकलेली ट्रॉली मात्र पहिल्यांदाच पाहत होते, आणि तीही घरचीच. जरा ओशाळल्यासारखं झालं.

ऊन अंगावर आलं तसा ट्रॅक्टर कुरकुरत सुरू झाला. ट्रकवाला वैतागला होता, पण माल भरून गेला. पिंपातलं उरलेलं डिझेल आबांनी फेकलं नाही. ते मार्चनंतर वापरायचं ठरवलं आणि संध्याकाळी ताजं आणायला स्वतः पंपावर गेले. पंपवाल्याला त्यांनी मनोऱ्यापासून मेणापर्यंत सगळं समजावून सांगितलं म्हणे. जेवायला उशिरा आले.