गिटार नव्हे, बेंजो

कोंडीराम कासारे पहिल्याच भेटीत मला मूर्ख म्हणाले. बरोबरच म्हणाले. ज्या गिटारवरून मी दोन वर्षं भांडत होतो, ती गिटार नव्हतीच.

आमचा एक ग्रूप आहे. ‘टिन लँटर्न’ या मुंबईच्या जुन्या रॉक बँडचे आम्ही बारा भक्त दर रविवारी सकाळी खोताच्या वाडीत अजितच्या घरी जमतो. अजितला एका बंद पडलेल्या स्टुडिओच्या सामानात या बँडची चौऱ्याहत्तर सालची एक टेप सापडली. तिच्यावर रेकॉर्डमध्ये न घेतलेलं एक गाणं होतं, आमच्या भाषेत आउटटेक. मध्ये चाळीस सेकंदांचा गिटारचा तुकडा, अंगावर काटा आणणारा. तो वाजवला कोणी? बँडमध्ये गिटारवाले दोन, आल्विन आणि नोएल. आता दोघंही हयात नाहीत. अजित आल्विनच्या बाजूचा, मी नोएलच्या. यावरून मी एकदा त्याच्या घरचा चहा अर्धा टाकून उठलो होतो. मी जयवंत परब, बँकेतून रिटायर झालेला लालबागकर. तारेच्या आवाजावरून बोट ओळखतो अशी माझी ख्याती होती आणि ती मीच पसरवली होती.

मग एकदा गुडघ्याचा एक्स-रे काढायला परळला गेलो. टेबलावर आडवा होतो आणि खिशात फोन वाजला. रिंगटोन अर्थात तोच तुकडा. एक्स-रे काढणाऱ्या वैशालीताई थबकल्या.

“हे तुमच्याकडे कुठून आलं? हा आमच्या पप्पांचा बेंजो आहे.”

“बेंजो नाही हो, गिटार आहे ती,” मी झोपल्या झोपल्या शिकवायला लागलो.

“दर भीमजयंतीला ऐकते मी. पाय हलवू नका.”

बेंजो म्हणजे मिरवणुकीत गाडीवर वाजतो तो. टाइपरायटरसारखी बटणं डाव्या हाताने दाबायची, उजव्या हाताने तारा छेडायच्या. रॉकवाले त्याच्याकडे बघून नाक मुरडतात. मीही मुरडत आलो होतो.

तरी त्याच संध्याकाळी त्यांच्या चाळीत गेलो. त्यांचे पप्पा कोंडीरामदादा बाहत्तर वर्षांचे. मिल बंद पडल्यावर त्यांनी बेंजो दुरुस्त करायला घेतले, ते आजही चालू आहे. खोलीत पलंगाखाली, कपाटावर सगळीकडे बेंजोच. भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो, त्याखाली त्यांचा स्वतःचा बेंजो. मी फोनवर तुकडा लावला. त्यांनी डोळे मिटून पूर्ण ऐकला आणि एकदम तडकले.

“टकटक कुठाय?”

“कसली टकटक?”

“बटणांची! बटण खाली बसताना आवाज करतं ना.”

मला एकदम आठवलं. टेपमध्ये टकटक होती. टेप खराब झाली असं समजून अजितने महिनाभर कॉम्प्युटरवर बसून ती एकेक करून पुसली होती आणि आम्ही टाळ्या वाजवल्या होत्या.

“मूर्ख आहात तुम्ही लोक,” दादा म्हणाले. “टकटक काढली म्हणजे माझा डावा हात काढला.”

मग त्यांनी सांगितलं. नोएलने त्यांना जयंतीच्या मिरवणुकीत ऐकलं आणि मिलची पाळी सुटल्यावर थेट स्टुडिओत नेलं. एका दमात वाजवलं त्यांनी. काचेमागचा रेकॉर्डिंगवाला साहेब म्हणाला, हे वरातीचं वाद्य माझ्या रेकॉर्डवर नको. गाणं तिथेच बाजूला पडलं. दादा बेंजो काखेत मारून चालत परळला आले.

पुढच्या रविवारी मी त्यांना वाडीत नेलं. अजितने पुसण्याआधीची टेप लावली आणि दादांनी सोबत वाजवलं. टकटकीवर टकटक बसली. नोएलवाले आणि आल्विनवाले दोन वर्षांत पहिल्यांदा एकत्र हरले.

अजित त्या गाण्याच्या तीनशे प्रती काढणार होता. कव्हरवरचा मजकूर माझ्याकडे होता. वाजवून झाल्यावर अजित म्हणाला, “दादा, तुमचं नाव नक्की टाकू. ‘गिटार : कोंडीराम कासारे’. बेंजो म्हटलं की लोकांना वरात आठवते हो. आणि टकटक राहू दे पुसलेलीच, कानाला बरं वाटतं.”

दादांनी बेंजो पेटीत ठेवला. कड्या लावल्या.

“त्या साहेबानं हेच कारण सांगितलं होतं. त्यानं निदान तोंडावर नको म्हटलं. पन्नास वर्षं माझं नाव नव्हतं, काय अडलं नाय. पण गिटार लिहून मला साफ करायला जाऊ नका. बेंजो लिहा, नायतर नाव खोडा.”

मला अजितचा संताप आला. त्याहून जास्त स्वतःचा आला, कारण क्षणभर मलाही ‘गिटार’ चालून गेलं असतं. मी टेबलावरचे माझे कागद उचलले. “अजित, रेकॉर्ड टकटकीसकट निघेल. नाहीतर हा मजकूर विसर, आणि रविवारी मी येतो, तेही विसर.”

तो तीन आठवडे माझ्याशी बोलला नाही. मग एक दिवस त्याचा फोन आला, “बेंजो ऱ्हस्व की दीर्घ?” वेडा कुठला!

पहिली प्रत आणि माझा रेकॉर्ड प्लेअर घेऊन मी परळला गेलो. कव्हरवर मागे छापलं होतं : बेंजो, कोंडीराम कासारे, परळ. दादांनी त्यावर अंगठा फिरवला. गाणं सुरू झालं. त्यांचा तुकडा आला, टकटक खणखणीत वाजली, तसे ते उठले आणि त्यांनी दार सताड उघडलं. गॅलरीतली माणसं वळून बघायला लागली.

“वैशाली, आवाज वाढव. त्या साहेबाला ऐकू गेला पायजे.”

“पप्पा, तो साहेब कधीच वारला असेल.”

“मग अजून वाढव!”