नदीतून घरी

अमेरिकेतल्या कॅरी गावी, तळ्याकाठी रोज एक स्विस म्हातारी माझ्या बाकावर बसायची. तिचं इंग्रजी माझ्यासारखंच मोडकं, म्हणून आमचं जमलं. ती बासलची. ऱ्हाईन नदीवरचं जुनं गाव, भिंतीवर पुरांच्या खुणा कोरून ठेवलेल्या. उन्हाळ्यात ऑफिस सुटलं की लोक कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधतात, नदीत उतरतात आणि ती तरंगती पिशवी धरून प्रवाहाबरोबर घरी जातात. सांगताना ती डोळे मिटायची, बोटं पाण्यात असल्यासारखी हलवायची.

"हात मारायचे नाहीत. नुसतं पडून राहायचं. गावच मागं सरकतं."

एकदा म्हणाली, "मुलगा नको म्हणतो, पण मी कायमची परत चाललेय. नदीत उतरणार."

"अगं, या वयात बुडशील!"

"बुडेन. पण घराच्या वाटेवर."

मग मी तिला अडवलं नाही.