तीन घरांचं एक स्वयंपाकघर

"एकत्र राहायचं, पण एकमेकांच्या उरावर बसायचं नाही," हे वाक्य माझ्या मैत्रिणीचं. महापेच्या कंपनीत आम्ही शेजारी बसून नोकरी केली, निवृत्तही बरोबरच झालो. माझा नवरा गेल्यावर एकटीने जेवणं मला सोसेना. ताट वाढायचं आणि भिंतीकडे बघत गिळायचं. हे तिला ठाऊक होतं, म्हणून तर तिने गळ घातली.

खांदेश्वरला एका शेतकरी कुटुंबाची तीन घरांची जुनी बिल्डिंग विकायला होती, ती आम्ही मिळून घेतली. मैत्रीण आणि तिचा नवरा पहिल्या मजल्यावर, तिचे दीर-जाऊ दुसऱ्यावर, मी तळाला. स्वयंपाकघर एकच ठेवायचं, सगळ्यांच्या गुडघ्यांना सोयीचं, म्हणजे माझ्याकडे. वरची दोन्ही काढून एकात पाहुण्यांची खोली करायची, दुसऱ्यात पुस्तकं ठेवायची. माझ्या घरातल्या मधल्या भिंती पडल्या. हॉल, किचन आणि एक बेडरूम मिळून लांबच लांब दालन झालं, मला मागची एक खोली उरली. मी खुशीत होते.

वरचे ओटे मात्र राहिले. "अगं, चहापुरते," मैत्रीण म्हणाली. "नुसत्या चहासाठी कुठे जिना उतरायचा?"

बिल्डिंगची जुनी मालकीण शेजारीच राहायची. एकदा सगळं बघून गेली. "बाय, तुजंच घर तोडलं की सगलं," ती हसत म्हणाली, "वरच्यांचं हाय तसंच हाय." मला तिचा रागच आला. विकलेल्या घरात कशाला नाक खुपसते, असं वाटलं.

सुरुवातीचे दिवस दृष्ट लागण्यासारखे गेले. दीर रविवारी दिवाळे कोळीवाड्यातून मासळी आणायचे, आम्ही तिघी ती साफ करताना हसून हसून दमायचो. मग जावेचे उपास सुरू झाले आणि साबुदाणा वरच होऊ लागला. मैत्रिणीच्या नवऱ्याला पथ्य लागलं. एका दुपारी मी पाच जणांच्या पोळ्या करून बसले होते आणि जिन्यातून लसणीच्या फोडणीचा वास खाली आला. चहाला फोडणी कधीपासून देतात, हे अगदी ओठांवर आलं होतं. थोड्या वेळाने जाऊच वाटी घेऊन आली. "भाजी जास्त झाली होती," म्हणाली.

जेवायला कोणी येईना, पण जागा सगळ्यांची राहिली. त्यांची कुरियरं माझ्याकडे, त्यांच्या नातवाचा वाढदिवस माझ्याकडे. दार लावून घेतलं तर "अगं, कॉमन आहे ना ते!" झाडायची वेळ आली की तेच दालन बरोबर माझं व्हायचं. बारभाईची खेती म्हणावी, तर तसंही नव्हतं. राबायला मी एकटीच होते.

यंदा मी तापाने पडले. वरून डबा यायचा, खोटं कशाला बोलू, वेळेवर यायचा. मैत्रीण तो टेबलावर ठेवायची, "जेवून घे गं" म्हणायची आणि वर जायची. एकदाही समोर बसली नाही. एके दिवशी जाता जाता म्हणाली, "एवढी जागा एकटीला काय करायचीय? योगा क्लासला भाड्याने दे. तुला एकटीला लागतं काय? खोलीत इंडक्शन ठेव." एकटीला, एकटीला. ज्या बाईपाशी मी या एका शब्दापायी रडले होते, तिनेच तो दोनदा माझ्या तोंडावर मारला.

अंगात बळ आल्यावर मी गवंडी बोलावला. हॉल आणि किचनमधली पाडलेली भिंत पुन्हा घालायला सांगितली. विटांचे दोन थर झाले नाहीत तोच चौघेही खाली आले आणि खुर्च्या ओढून बसले.

"विचारायचं तरी," दीर म्हणाले. "मीटिंग न घेता असं परस्पर?"

मैत्रिणीचे डोळे भरले होते. "आपलं काय ठरलं होतं गं?"

सांगायला लाज वाटते, पण कितीतरी महिन्यांनी सगळ्यांना टेबलाभोवती बघून मला इतकं बरं वाटलं, की गवंड्याला थांबा म्हणणारच होते. रात्री इथेच जेवा, हेही मनात जुळत होतं.

तेवढ्यात जाऊ म्हणाली, "काय ते लवकर ठरवा हं. वर कुकर लावून आलेय."

मी गवंड्याकडे वळले आणि त्याला म्हटलं, "पार छतापर्यंत घ्या."