पाय मोडला, छाती नाही

पुतण्याचा फोन आला तेव्हा मी ओसरीतल्या खाटेची नवार ताणत होते. बाई दवाखान्यातून आल्या की त्यांना तिथंच निजवायचं ठरलं होतं, म्हणजे येणाऱ्या-जाणाऱ्यांशी बोलता येईल. ‘काकू, आई गेली,’ एवढंच तो म्हणाला. खाट अर्धी ताणलेली तशीच राहिली...

सायत्राबाई माझी मोठी जाऊ. मी लग्न होऊन गोंदिया जिल्ह्यातल्या गोरेगावजवळच्या या गावात आले तेव्हा चारचौघांत मला शब्द फुटत नसे. चौथीपर्यंत शिकले होते, तरी बाजारात भाव विचारायची लाज वाटे. बाईंनी मला एक काम लावून दिलं. गावात कोणी आजारी पडलं की त्या पाहायला जायच्या आणि मी त्यांचा कडीचा डबा धरून मागं. डब्यात तांदळाची पेज, वर लोणच्याची फोड. आत शिरल्याबरोबर बाई खाटेवर बसत, आजाऱ्याचा हात हातात घेत आणि म्हणत, ‘काऊन जी, काम चुकवाले झोपून राहिले का?’ आजारी माणूस हसायचं. मी दाराशी उभी. बोलायचं ते सगळं बाईच बोलायच्या. आमच्याकडं आजाऱ्याला पाहायला गेलं नाही, तर ती गोष्ट लोक वर्षानुवर्षं मनात ठेवतात. बाईंनी कधी कोणाला चुकवलं नाही.

यंदा भाताच्या रोवणीच्या वेळी त्या धुऱ्यावरून, शेताच्या बांधावरून घसरल्या आणि खुब्याचं हाड मोडलं. गोंदियाला ऑपरेशन झालं, चांगलं झालं. तेव्हा सगळीकडं फ्लूची साथ होती. वॉर्डात या टोकापासून त्या टोकापर्यंत खोकला ऐकू यायचा. सिस्टरनं बाईंना मास्क दिला आणि आम्हाला समजावलं, ‘अम्मा दिनभर लेटी है, खुलकर खाँस भी नहीं पाती. फ्लू लगा तो छाती में उतरेगा, निमोनिया हो जाएगा. भीड़ मत लगाओ.’ बाई म्हणाल्या, ‘माहा पाय मोडला व पोरी, छाती नाही.’ सिस्टरसुद्धा हसली.

लोक यायचे थांबले नाहीत. बाई सगळ्यांना पाहायला गेल्या होत्या, आता सगळ्यांची पाळी होती. कोणी एसटीनं, कोणी मोटारसायकलवर, डबे घेऊन. कोणी नाक ओढत, कोणी पदरात खोकत... आणि बाई बसत तसेच खाटेवर बसत. माणूस आलं की बाई मास्क हनुवटीवर ओढायच्या. मी एकदा हळूच म्हटलं, ‘बाई, राहू द्या ना तोंडावर.’ तर म्हणाल्या, ‘तोंड मेलेल्याचं झाकतात व. एवढ्या दुरून मले पाहाले येऊन राहिले अन् मी तोंड लपवू?’ आलेल्यांचं चुकलं असं मला म्हणवत नाही. माया होती म्हणूनच आले. ताप आमच्या माणसांकडून आला की शेजारच्या खाटेवरून, ते आता कोण सांगणार.

घरी सोडायचं बोलणं चाललं होतं आणि ताप चढला. मग दम लागू लागला. छातीचा फोटो पाहून डॉक्टर म्हणाले, दोन्हीकडं निमोनिया आहे. पाय मात्र बरा होत होता... बाईंना आतल्या खोलीत हलवलं. तिथं एका वेळी एकालाच सोडत. मी गेले तेव्हा ऑक्सिजनच्या मास्कखाली त्यांचं निम्मं तोंड झाकलेलं होतं. त्या काही पुटपुटल्या. मी कान जवळ नेला.

‘कोण कोण आलं व?’

‘सगळे आले, बाई. बाहेर आहेत,’ मी म्हटलं. बाहेर तेव्हा फक्त पुतण्या बसला होता.

परवा शेजारची पार्बता तापानं निजली. मी बाईंचा डबा घासला, पेज भरली, लोणच्याची फोड ठेवली. डबा तिच्या दाराशी ठेवून नाकावर पदर घेतला आणि अंगणातच थांबले. आतून ती खोकत म्हणाली, ‘आत ये ना व, तिथं काऊन उभी राहिली?’ अशा वेळी माझ्यापुढं बाई असायच्या. मी इतक्या मोठ्यानं बोलले की रस्त्यानं जाणारा माणूस वळून पाहू लागला.

‘काऊन व, काम चुकवाले झोपून राहिली का?’

आतून हसू आलं, मग पुन्हा खोकला. तो थांबेपर्यंत मी अंगणातच उभी होते. डबा अजून तिच्याकडंच आहे.