ओठ आधी, आवाज मागून

नेरूरकर काकांना डॉक्टरांकडे न्यायचा दिवस ठरला होता. त्याच्या आठवडाभर आधी त्यांनी मला लिफ्टच्या दारात अडवलं.

"गो श्रेया, तू टीव्हीच्या कंपनीत आसस ना?"

मी टीव्हीच्या कंपनीत नाही. डिप्लोमा झाल्यावर एका सर्व्हिस सेंटरमध्ये लागले, घरोघरी जाऊन टीव्ही लावते, बिघडले तर बघते. पण आमच्या बिल्डिंगमध्ये हा फरक कुणी करत नाही. मी हो म्हटलं.

"आमच्या टीव्हीतली माणसां आधी बोलतत, मगे आवाज येता. घरात कोणाक पटत नाय. माका येड लागला नाय गो. तू येऊन बघ."

बोलताना ते माझ्या चेहऱ्याकडे टक लावून बघत होते. ती त्यांची सवयच. लहानपणी चाळीत मला त्या नजरेची भीती वाटायची. चाळ पाडून टॉवर झाला, लालबागमधली तीच बिऱ्हाडं नवव्या मजल्यावर समोरासमोर आली, पण नजर तशीच राहिली.

काका एकोणसत्तर वर्षांचे. गिरणीत पंचवीस वर्षं साचे चालवले, म्हणजे माग. गिरणी बंद पडल्यावर एका ऑफिसच्या गेटवर वॉचमन म्हणून राहिले. तीन वर्षांपूर्वी काकी गेल्या. त्यानंतर त्यांच्या दिवसात नेमून दिलेलं काम एकच उरलं होतं, नात पूर्वीला साडेबाराला शाळेतून आणायचं. बारापासून ते इस्त्रीचा शर्ट घालून तयार असत. मूल न्यायला येणाऱ्याला शाळेनं फोटोचं कार्ड दिलेलं, ते गळ्यात. लिफ्टमध्ये कुणी भेटलं की कार्ड सरळ करत.

ते कार्ड आता सुनेच्या, नम्रताच्या पर्समध्ये होतं.

मागच्या महिन्यात शाळेच्या शिपायानं सगळ्यांना ओरडून सांगितलं होतं की आज मुलं मागच्या गेटनं सुटतील. काका पुढच्या गेटवर सव्वा तास उभे राहिले. पूर्वी पहिलीतली, मागच्या गेटवर रडून लाल झाली. त्याच आठवड्यात नम्रतानं "चहा ठेवू का?" विचारलं तर काका म्हणाले, "ठेवलंय कपाटात." टीव्ही बघता बघता ते "खोटं बोलतायत सगळे" म्हणून उठून जायला लागले. विनीतनं, म्हणजे त्यांच्या मुलानं, इंटरनेटवर लक्षणं वाचली. विसरण्याच्या आजारावरच्या डॉक्टरांची वेळ घेतली. काय आहे ते कळेपर्यंत पूर्वीला आणायचं नाही, असं ठरलं. नम्रता रोज ऑफिसातून मधेच पळत येऊन लेकीला घरी सोडत होती आणि परत जात होती. तिला दोष देता येणार नाही.

रविवारी सकाळी मी त्यांच्याकडे गेले. भिंतीवर पंचावन्न इंची टीव्ही, त्याखाली लांबट काळा साऊंडबार.

"बाबांसाठीच घेतला," विनीत म्हणाला. "टीव्हीचा आवाज फुल ठेवायचे, बाजूच्यांच्या कम्प्लेंट यायच्या. म्हटलं क्लिअर ऐकू येईल. तर ह्यांचं नवीनच. म्हणे आवाज मागून येतो."

"येतो का?"

"अगं, मी मॅच बघतो. बॅटला बॉल लागल्यावर जरा उशिराच येतो आवाज. पण स्टेडियम केवढं लांब!"

आतून नम्रता हसली. "ह्याला विनोद सुचतायत, मी इथे भाकऱ्या थापतेय. मी तर सीरियल नुसती ऐकते गं. कोण कुणाला मारतंय ते आवाजावरनं कळतं."

तेव्हाच माझ्या लक्षात आलं की ह्या घरात टीव्हीतल्या माणसांच्या तोंडाकडे बघणारे काका एकटेच आहेत.

टाळी वाजवणाऱ्या माणसाचा एक व्हिडिओ मी टीव्हीवर लावला, समोर मोबाईल धरून त्याचं रेकॉर्डिंग केलं आणि ते एकेक चित्र पुढे सरकवत बघितलं. दोन तळवे एकमेकांना टेकल्यापासून टाळी ऐकू येईपर्यंत सात चित्रं गेली. सेकंदाला तीस चित्रं. म्हणजे जवळजवळ पाव सेकंद.

"पाव सेकंद?" विनीत म्हणाला. "एवढ्यानं काय होतंय?"

"बोलण्यात पाव सेकंदात एक अक्षर जातं, कधी दोन. ओठ पुढच्या शब्दावर असतात आणि आवाज मागच्या."

काका खुर्चीच्या कडेवर बसून आमची तोंडं बघत होते. एकदा माझं, एकदा विनीतचं.

"काका बरोबर सांगतायत," मी म्हटलं.

विनीतचा चेहरा पडला. भिंतीवर वायर दिसायला नको म्हणून त्यानं साऊंडबार ब्लूटूथवर जोडला होता. टीव्ही आवाजाची पुडकी बांधणार, हवेतून पाठवणार, साऊंडबार ती सोडणार, त्यात हा वेळ जात होता. त्यानं टीव्हीच्या सेटिंगमधला आवाज पुढेमागे करायचा आकडाही फिरवून बघितला होता. पण त्या आकड्यानं आवाज आणखी थांबवता येतो. आधीच मागे राहिलेला आवाज पुढे ओढता येत नाही. जाड एचडीएमआय केबल टाकली की काम होणार होतं. घरातली आखूड निघाली. मंगळवारी माझी सुट्टी असते, तेव्हा दोन मीटरची आणते म्हणून सांगितलं.

मंगळवारी मी गेले तेव्हा नम्रता ऑफिसातून येऊन पूर्वीला आणायला निघाली होती. काका इस्त्रीच्या शर्टात बसले होते. कुठेही जायचं नसताना.

काम करताना कानाशी बडबड नको म्हणून मी आवाज पूर्ण बंद केला आणि ब्लूटूथची जोडणी तोडली. टीव्हीवर बातम्या चालूच होत्या. मी केबल घेऊन टीव्हीच्या मागे हात घातला, केबल खोचायची एआरसी लिहिलेली जागा बोटांनी शोधत होते.

"हां! आता बरोबर झाला," काका म्हणाले.

मी मान बाहेर काढली. खोलीत पंख्याचा आवाज होता, बाकी काही नाही.

"आता कसा सरळ बोलता तो. बुधवारी आपल्याकडे पाणी नाय. नम्रताक सांगूक होया, पिंप भरून ठेव म्हणान."

पडद्यावरचा माणूस तोंड हलवत होता. खालच्या पट्टीत पाणीकपातीचं लिहून येत होतं, पण काका पट्टीकडे बघत नव्हते. ते त्याच्या तोंडाकडे बघून खुशीत मान डोलवत होते.

मी त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहिले. "काका," मी म्हटलं. मग मोठ्यानं, "काका!" मग इतक्या जोरात की समोरच्या दारातून माझ्या आईनं "काय झालं गं?" विचारलं. काकांनी मान वळवली नाही. बातम्या संपून पडदा क्षणभर काळा झाला, त्यात माझं प्रतिबिंब दिसलं असावं. तेव्हा ते वळले. माझा चेहरा त्यांनी वाचला. माझ्या हातातला रिमोट बघितला, पडद्यावरची आवाज बंद असल्याची खूणही.

त्यांनी खुर्ची माझ्याकडे वळवली.

"आमच्या खात्यात दोनशे साचे," ते म्हणाले. "सगळे एकदम चालणार. तिथे वरडून काय उपेग? तोंड बघायचा. पन्नास फुटांवरसून मुकादमाच्या शिव्या वाचलंय मी. आईवरसूनच्या. त्याक वाटायचा माका कळत नाय." ते किंचित हसले. "चाय पायजे तर अशी बोटां. जॉबर म्हणजे मुकादमच, तो इलो तर अशी. पाच वर्षांत कान गेले. सगळ्यांचेच जायचे. कोण बोलायचो नाय, बोललो तर घरी बसवतीत."

"काकींना माहीत होतं?"

"तीच तर माझे कान."

मला काकी आठवल्या. कुणी काही बोललं की त्या काकांसमोर येऊन तेच परत बोलायच्या. चाळीत सगळे त्यांना बडबडी म्हणायचे. मीही म्हणायचे.

"थोडा थोडा येता ऐकूक," काका म्हणाले. "तोंड समोर असला की भागता. पण आवाज वेगळो आणि तोंड वेगळा झाला ना, मगे माझाच माका काय समाजना नाय."

मी केबल लावली, टीव्हीच्या सेटिंगमध्ये साधा आवाज निवडला, उशिराचा आकडा शून्य केला. आवाज चालू करून टाळीचा व्हिडिओ परत लावला. टाळी आणि हात एकत्र आले. काका पुढे झुकून बघत राहिले आणि त्यांचे डोळे भरले.

"श्रेया. ह्या डब्याचा सांग त्यांका. कानाचा नको."

"काका..."

"कार्ड देतीत परत. कानाचा कळला तर कधीच देऊचे नाय."

मी मान हलवली. तेव्हा मला ते चांगलं काम वाटलं होतं.

संध्याकाळी मी फक्त साऊंडबारचं सांगितलं. चूक यंत्राची होती, ते मोजून सिद्ध झालं होतं. विनीत बाबांसमोर कान धरून उभा राहिला. डॉक्टरांची वेळ रद्द झाली. नम्रतानं पर्समधून कार्ड काढून काकांच्या खुंटीवर शर्टाशेजारी अडकवलं आणि म्हणाली, "बाबा, उद्यापासून तुमची ड्युटी." ती त्यांच्याकडे बघून बोलली, त्यामुळे ते त्यांना कळलं.

शाळेच्या गेटवरच्या सव्वा तासाचं काय, शिपायानं मागच्या गेटचं ओरडून सांगितलं होतं त्याचं काय, हे कुणी विचारलं नाही. सगळं साऊंडबारवर गेलं. मला मात्र ते बुधवारी आठवलं, गुरुवारीही आठवलं.

शुक्रवारी परळला एका घरी टीव्ही लावायचा होता. तो लवकर आटपून मी साडेबाराला शाळेच्या समोरच्या फुटपाथवर जाऊन उभी राहिले. काका वेळेवर होते, पुढच्या रांगेत. पूर्वी धावत आली, त्यांनी दप्तर घेतलं, दोघं पुलाखालच्या रस्त्यापाशी आले.

पूर्वीनं त्यांचा तळहात धरला नव्हता, मनगट धरलं होतं. मागून टेम्पोनं हॉर्न दिला. काका चालतच होते. पूर्वीनं मनगटावर एकदा दाबलं, ते थांबले. टेम्पो गेल्यावर तिनं दोनदा दाबलं, ते निघाले. तिचा दुसरा हात सारखा हलत होता, बोटं कधी वर, कधी आडवी. काकांनी मला खुर्चीत बसून दाखवली होती तीच बोटं. साचेखात्यातली.

रस्त्याच्या मध्यात उलट्या बाजूनं एक बाईक आली. पूर्वीचं लक्ष बुटाच्या नाडीकडे होतं. बाईकवाला हॉर्नवर हात ठेवून होता, काका सरळ पुढे. मी ओरडले, ते कुणासाठी ओरडले ठाऊक नाही. पूर्वीनं दोन्ही हातांनी मनगट ओढलं. बाईकचा आरसा काकांच्या बाहीला घासून गेला, दप्तर रस्त्यावर पडलं. बाईकवाल्यानं पुढे जाता जाता "बुड्ढे, बहरा है क्या?" विचारलं. त्याची पाठ होती, काकांना ते कळलं नाही.

पूर्वीला कळलं. तिनं दप्तर उचललं, आजूबाजूला बघितलं, मी दिसले. तिनं चटकन ओठांवर बोट ठेवलं. तिला वाटलं असणार, मीही त्यांच्यातलीच आहे. होतेच मी.

त्याच संध्याकाळी मी नम्रताला सांगितलं. काही वगळलं नाही.

"तुला मंगळवारपासून माहीत होतं?"

"हो."

"तीन दिवस ती त्या रस्त्यानं आली. सहा वर्षांची पोर, म्हाताऱ्याला सांभाळत." आत जाऊन तिनं खुंटीवरचं कार्ड काढलं.

काकांना आता दोन्ही कानांना मशीन आहे. तपासणीत निघालं की उजवा जवळजवळ पूर्ण गेलाय. मशीनचा त्यांना त्रास होतो, पंखासुद्धा साच्यासारखा वाजतो म्हणतात, दुपारी काढून डबीत ठेवतात. पूर्वी व्हॅननं येते. टीव्ही आणि साऊंडबार अगदी बरोबर चालतात, मी परत मोजून बघितलं.

मोजून बघितलं त्या दुपारी काका खुर्चीत होते, मशीन डबीत. मी समोर जाऊन खाली बसले, म्हणजे तोंड नीट दिसेल.

"काका, मला सांगावंच लागलं," मी म्हटलं. "बाईक..."

त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग मान खिडकीकडे वळवली. मी उठून खिडकीच्या बाजूला गेले, तर त्यांनी डोळे मिटले.

मी तिथं उभी राहून बोलत होते. टीव्हीत कुणीतरी हसत होतं, ओठ आणि आवाज बरोबर एकाच वेळी.