थोरलीला धरून

कुणी तिच्या पोटाला हात लावायला पुढे झालं, की ती आधी त्या बाईच्या पोटाला हात लावायची. चांगला तळहात पसरून, मायेने. आणि विचारायची, "काय हो, तुमचं काय चाललंय आत?"

हात मागे घेताना बायकांचे चेहरे बघण्यासारखे व्हायचे. असे हात तुम्हीही पाहिले असतील. बाई गरोदर दिसली की लिफ्टमध्ये, भाजीवाल्यापाशी, बँकेच्या रांगेत, ओळख ना पाळख, सरळ पुढे येतात. पोट म्हणजे जणू बागेतला हत्ती, येईल त्याने थोपटून जावं. मला तेव्हा यात काही वावगं वाटत नसे. आता वाटतं, आणि वाटतं म्हणजे डोकंच फिरतं. हे तिच्यामुळे झालं.

मी तिच्या पोटाच्या वाटेला गेलो नाही, तरी सुटलो नाही. दुसऱ्याच शनिवारी तिने माझ्या शर्टाच्या ताणलेल्या बटणांकडे पाहिलं आणि विचारलं, "तुमचा कितवा?" त्या दिवसापासून वर्गात माझं नाव 'काय हो गरोदर' पडलं. नाव अन्यायाचं होतं, पण खोटं नव्हतं. डोहाळे बायकोला लागायचे आणि पुरवून घ्यायचो मी. ती कचोरी मागायची, दोन घास खायची आणि म्हणायची, "नको रे, मळमळतंय." उरलेली कचोरी टाकवत नसे. अशाने नऊ महिन्यांत आम्हा दोघांचं वजन सारखंच वाढलं. तिचं पुढे कमी झालं.

तर वर्ग. मुलुंड पूर्वेला एका मंगल कार्यालयाच्या वरच्या मजल्यावर शनिवारी दुपारी गर्भसंस्काराचा वर्ग भरायचा. शिकवणाऱ्या ताईंचा आवाज मधाळ. समोर डझनभर बायका, तरी हातात माईक. वर "मन शांत करा" चालू असताना खाली नवरदेव घोड्यावर चढत असायचा. "नवऱ्यांनीही यावं" असं ताईंनी सांगितलं होतं, पण बाकीचे नवरे बायकोला दारात सोडून पसार व्हायचे. मी थांबायचो. यात प्रेम किती आणि हॉलमधला एसी किती, हे विचारू नका.

पहिल्या दिवशी ओळखपरेड झाली. नाव, काम, कितवं बाळ. तिचा नंबर आला. घाटकोपरला घर, पवईला विमा कंपनीत नोकरी, लोकांचे दावे खरे की खोटे ते तपासायचं काम. शेवटी म्हणाली, "माझं हे दुसरं."

गप्प बसणं मला जमत नाही. वातावरण हलकंफुलकं करायची जबाबदारी जन्मापासून माझ्यावर आहे, असा माझा समज. मी म्हणालो, "अरे वा! पहिलं कितवीत?"

"ती पोटातच गेली. आठव्या महिन्यात."

"छान," मी म्हणालो.

खरंच म्हणालो. उत्तर ऐकायच्या आधीच जीभ 'छान' म्हणायला निघाली होती, ती वाटेत थांबेना. बायकोने माझ्या मांडीला असा चिमटा काढला की ती पुढचे चार दिवस निळी होती. सगळा वर्ग खाली बघत होता. आणि ती? ती आधी माझ्याकडे बघत राहिली आणि मग तोंडावर हात धरून हसायला लागली. हसता हसता डोळे पुसत म्हणाली, "दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी काहीतरी वेगळं बोललं."

ताईंना ते हसणं आवडलं नाही. माईक तोंडाशी नेऊन त्या म्हणाल्या, "बाळा, असं अशुभ पोटाशी बोलू नये. हे पहिलंच असं समजायचं. जुनं विसरायचं."

"मला नाही तसं वाटत," ती म्हणाली.

हे तिचं दुसरं शस्त्र. आवाज न चढवता, मान किंचित तिरकी करून. ताईंच्या वर्गात हे वाक्य यापूर्वी कुणी उच्चारलं नसावं. नंतर मात्र दर शनिवारी ऐकू यायला लागलं.

ताई म्हणायच्या, गरोदरपणात चेहऱ्यावर तेज येतं. ती म्हणायची, "घाम आहे तो. पंखा वाढवा." ताई म्हणायच्या, दोन जिवांचं खायचं. ती म्हणायची, "दुसरा जीव वांग्याएवढा आहे. त्याला वेगळं ताट?" ताई म्हणायच्या, कळा सोसल्याशिवाय आईपण कळत नाही. ती विचारायची, "दाढ काढताना भूल घेतलीत ना? मग दातपण कळलं नसेल तुम्हाला." आणि आई झाल्यावरच बाई पूर्ण होते, हे ऐकल्यावर ती शांतपणे म्हणाली होती, "मी आधीच पूर्ण झालेय. एम.कॉम.सुद्धा झालंय."

बाकीच्या बायका मान खाली घालून हसायच्या, आणि घरी जाताना एकमेकींना म्हणायच्या, "फारच आगाऊ आहे, ना?" याच बायका जिन्यात तिला गाठून हळूच विचारायच्या, "मलाही आनंदबिनंद काही होत नाही गं, नुसतं रडू येतं. चालतं ना?" ती म्हणायची, "चालतं. मला तर परवा नवऱ्याच्या घोरण्यावरून रडू आलं."

मीही तेव्हा तिला आगाऊच समजत होतो. घरी म्हणालो, "फी भरून भांडायला कशाला यायचं?" पुढच्या शनिवारी वर्ग सुटल्यावर बायको तिला घेऊन खालच्या हॉटेलात गेली, आणि उपमा खायला मीही मागोमाग गेलो.

तिथे कळलं. त्या आठव्या महिन्यानंतर घरात प्रत्येकाने तिला एकेक कारण भेट दिलं होतं. सासूबाई म्हणाल्या, ग्रहणात सुरी धरलीस. नणंद म्हणाली, ऑफिसची दगदग. शेजारीण म्हणाली, पपई. "डॉक्टर म्हणाल्या, तुमचं काहीही चुकलेलं नाही," ती सांगत होती. "तेवढंच एक कारण घरात कुणाला पटत नाही. आणि आता या ताई. आई दुःखी झाली की बाळाला बाधतं म्हणे. म्हणजे मी नीट आनंदी नव्हते, म्हणून गेली का ती?"

उपम्याचा चमचा माझ्या हातातच राहिला.

"नाव ठरवलं होतं मी. सई. बारसं होणार कुठून? पण घरात ते नाव कुणी उच्चारतसुद्धा नाही. नवरा चांगला आहे हो माझा, पण नाव निघालं की उठून गॅलरीत जातो. मला दुसरं काही नको. ती होती, एवढं एकदा आमच्या घरातल्या माणसाने माझ्यासमोर म्हणावं. बस."

मग माझ्या बशीकडे बघून म्हणाली, "काय हो गरोदर, खा. दोघांचं आहे ते."

शेवटच्या शनिवारी ताई सामुदायिक डोहाळजेवण करत. हिरव्या साड्या, फुलांचे दागिने, फोटोसाठी लाकडी चंद्र. त्यात ताईंनी स्वतःची एक पद्धत काढली होती. गोलात बसलेल्या प्रत्येकीने शेजारणीची ओटी भरायची, म्हणजे सख्य वाढतं. हे शास्त्रात बसतं की नाही ते मला माहीत नाही, फीमध्ये मात्र बसत होतं. तिच्या एका बाजूला माझी बायको होती. दुसऱ्या बाजूला विशीतली एक मुलगी, आणि तिच्यामागे खुर्चीवर त्या मुलीची सासू. त्या मुलीची ओटी हिने भरायची होती.

सासूबाई उठल्या, ताईंच्या कानाशी लागल्या. ताई हसतमुखाने गोलात आल्या. "तू बसूनच राहा हं बाळा. वाकायचा त्रास नको. तुझी आम्ही भरू."

"बाकीच्यांना नाही का त्रास?"

"तसं नाही गं. लोकांच्या मनात काही काही असतं..."

"माझ्या हातची ओटी नको, असंच ना? मग माईकवर सांगा. 'आनंदी राहा' माईकवर सांगता, आणि हे कानात?"

त्या विशीतल्या मुलीच्या डोळ्यांत पाणी, पण सासूचा हात तिच्या खांद्यावर. तुम्हीच सांगा, जिचं मूल गेलं तिचेच हात वाईट? ज्या हातांनी दोन वर्षं रिकामा पाळणा पुसला असेल, त्यांना तांदळाची ओंजळ धरायची बंदी? माझ्या अंगाचा भडका उडाला. मी उठलो, ताईंच्या हातातला माईक घेतला आणि आयुष्यातलं सर्वांत जळजळीत भाषण सुरू केलं. "हा जो प्रकार..." एवढं म्हणालो आणि खाली वरात दारात आली. ढोल, ताशा, बेंजो, सगळं एकदम. मी बोलत राहिलो. हातवारेसुद्धा केले. बायको नंतर म्हणाली, लांबून तू वरातीतलाच वाटत होतास.

काम केलं ते बायकोनेच. सातवा महिना, गुडघे दुखत होते, तरी हात टेकत उठली, तिच्यासमोर जाऊन बसली आणि पदर पसरून म्हणाली, "माझी भर गं. माझ्याकडे सासूबिसू आलेली नाही." तिने नारळ ठेवला, खण ठेवला. तांदूळ घालताना निम्मे सतरंजीवर सांडले. त्या दिवशी ती एकही टोमणा न मारता घरी गेली, आणि मला ते फार लागलं.

आमचा मुलगा झाला. काही आठवड्यांनी बायकोला तिचा निरोप आला: "मुलगी. दोघी ठणठणीत. बारशाला या, गरोदरांनाही आणा."

घाटकोपरचं घर पाहुण्यांनी भरलं होतं. पाळण्याला झेंडूच्या माळा, स्वयंपाकघरात घुगऱ्या शिजल्याचा वास. नाव घ्यायला बोरिवलीहून नणंद आली होती, पैठणीत. बाळाचा बाप फोनवर शूटिंग करायला कोपऱ्यात उभा. त्याला मी पहिल्यांदाच पाहत होतो. नाकासमोर फोन धरलेला, चेहरा दिसायचा नाही.

नणंद पाळण्यावर वाकली. तशी बाळंतीण म्हणाली, "वन्सं, आधी थोरलीचं घ्या. सई. मग हिचं."

"काय बोलतेस? चांगल्या दिवशी? गेलेल्या बाळाचं नाव पाळण्यापाशी?"

"तिचा चांगला दिवस तुम्ही केलाच नाहीत. म्हणून आज दोघींचा."

"दादा, सांग ना हिला!"

दादाने फोन तसाच नाकासमोर धरून ठेवला.

"मी नाही घेणार," नणंद म्हणाली आणि दोन पावलं मागे सरली. पाहुण्यांत कुजबुज झाली. "बाळंतिणीच्या डोक्यावर परिणाम होतो कधी कधी," असं एक काकू माझ्या कानाशी म्हणाल्या. मी त्यांना म्हणालो, "तुमच्या कशामुळे झाला?" हे मात्र खाली ढोल नसल्यामुळे सगळ्यांना ऐकू गेलं.

मग ती स्वतःच वाकली. पाळण्यातल्या एवढ्याशा कानाशी तोंड नेलं, पण कुजबुजली नाही. स्वयंपाकघरात सासूबाईंपर्यंत पोचेल अशा आवाजात म्हणाली, "कुर्रर्र... तुझ्या ताईचं नाव सई. आणि तुझं नाव जान्हवी."

नाव घेणारीच्या पाठीत बायका धपाटे घालतात, तुम्हाला माहीत आहे. कुणी हलेना. माझ्या बायकोने मुलगा माझ्याकडे दिला, पुढे झाली आणि घातला पहिला धपाटा. मलाही राहवेना. बारशात पुरुषांनी धपाटे घालायचे नसतात, हे मला घालून झाल्यावर कळलं. शिवाय एका हातात पोर, समोर पाठी दोन. माझा धपाटा पैठणीच्या पाठीत बसला.

"अहो!" नणंद किंचाळली.

चुकून की मुद्दाम, हे मी अजून ठरवलेलं नाही.

जान्हवीला घेऊन ती वर्षभरात बंगळुरूला गेली. नवऱ्याची बदली झाली. नंबर बदलला असावा. आमचे दिवाळीचे निरोप जातात, पण पोचल्याची खूण होत नाही. घाटकोपरच्या त्या घरात आता दुसरंच कुणी राहतं.

बारशाचं ते शूटिंग तिच्या नवऱ्याने सगळ्यांना पाठवलं होतं. गर्दीत आम्हाला तेव्हा जे ऐकू आलं नाही, ते त्यात आहे. चित्र सारखं हलतंय. आधी तिचा आवाज येतो. मग धपाटे, मग "अहो!", मग हशा. आणि या सगळ्याखाली, फोनच्या अगदी जवळून, नाक ओढल्याचा आवाज येतो आणि एक पुरुष हळूच म्हणतो, "सई." थोडं थांबतो. आणि नीट जमलं की नाही ते बघावं तसं पुन्हा म्हणतो, "सई."