सूर्यास्तापर्यंत मयत

टिनकप मेसा या वसाहतीत कुणाच्या दारात ढिगारा न्यायचा लाल लोखंडी कंटेनर येऊन उभा राहिला, की आख्खी गल्ली आवाज खाली करते. इथे पंचावन्न वर्षांच्या खालच्याला घर मिळत नाही, आणि एकदा मिळालं की कुणी हलत नाही. हलतं ते एकदाच, शेवटचं. मग शिकागोहून नाहीतर मिनेसोटाहून मुलं येतात, डोळे पुसत पुसत आईचे सोफे आणि बाबांचे गोल्फचे बूट त्या कंटेनरमध्ये भिरकावतात, घराला करडा रंग फासतात आणि पाटी लावतात: विकणे आहे. जिवंत माणसाच्या दारात कंटेनर कुणी पाहिलेलाच नव्हता. जिवंत माणूस फार तर न्हाणीघरात धरायला दांडा बसवून घेतो.

लव्हॉन ट्वेटबाईंना दांडा नको होता. त्यांना खिडकी हवी होती.

नॉर्थ डकोटातल्या एका शाळेच्या तळघरात बाईंनी आयुष्यभर पोरांना रांधून घातलं. तळघराला खिडकी कुठली असणार? घरी परत आलं की चुलीसमोर भिंत. म्हातारपणी नवऱ्याने, ऑर्विलने, ॲरिझोनाच्या उन्हात हे दोन खोल्यांचं सिमेंट-ब्लॉकचं जुनं घर घेतलं, तर इथेही स्वयंपाकघर मागच्या अंगाला. ओट्यासमोर शेजाऱ्याच्या कुंपणाची भिंत, आणि त्या भिंतीवर एक सरडा. ऑर्विल गेला, त्यानंतर सरडाही गेला. मग एक दिवस लव्हॉनबाई कढईतलं कांदा-बटाटा ढवळता ढवळता थांबल्या आणि भिंतीला म्हणाल्या, "साठ वर्षं तुझं थोबाड बघतेय. पुरे!"

बेत सरळ होता. मधली भिंत पाडायची, स्वयंपाकघर पुढच्या खोलीत आणायचं, आणि रस्त्याकडच्या भिंतीत छताखाली टपालपेटीच्या फटीसारखी जी आडवी खिडकी होती, तिच्याखालचे ब्लॉक कापून ती कमरेपर्यंत खाली आणायची. मग कांदा चिरताना गल्ली दिसेल. गोल्फच्या गाड्यांतून बिंगोला निघालेली माणसं दिसतील, आणि हिरवा रंग मारलेल्या खडीवर, म्हणजे इथल्या लोकांच्या हिरवळीवर, पिल्लांची रांग घेऊन फिरणारे लावे पक्षी दिसतील.

पण रस्त्याकडून दिसणाऱ्या प्रत्येक गोष्टीला बाह्यस्वरूप समितीची परवानगी लागते, आणि समिती म्हणजे मर्ल हॉकन्सन. मर्लसाहेब जुन्या गोल्फच्या गाडीसारखे सुरू होतात. आधी घसा दोनदा घरघरतो, मग वाक्य निघतं.

"हंऽ हंऽ. लव्हॉन, रस्त्याच्या बाजूला नवीन भोक पाडता येत नाही."

"भोक नाही, खिडकी. आणि नवीन नाही, आहे तीच खाली आणायची."

"हंऽ. खाली आणली की ती नवीन होते."

"मर्ल, तुमची विजार रोज खाली येते. ती रोज नवीन होते का?"

समितीतल्या दोघी फिसकन हसल्या. मर्लसाहेबांनी पट्टा वर ओढला आणि नकार दिला. जाता जाता समजुतीचं बोलायला मात्र विसरले नाहीत. "हंऽ हंऽ. आपल्या वयात कशाला हा खटाटोप? किती वर्षं वापरणार?"

"एक नाश्ता झाला तरी वसूल," बाई म्हणाल्या.

ही नुसती खिडकीची गोष्ट असती तर बाईंनी वर्षभर भांडून मजा घेतली असती. पण मिनीॲपोलिसला मुलगी होती, कॅरिन. कॅरिन आईशी बोलताना प्रत्येक वाक्याच्या शेवटी 'ओके?' लावते. दाताचा डॉक्टर लहान पोराशी बोलतो ना, तसं.

"आई, आपलं ठरलंय, ओके? समितीने हो म्हटलं तर राहा तिथे. नाही म्हटलं तर इथे माझ्याजवळ त्या वृद्धांच्या इमारतीत खोली घ्यायची. रविवारपर्यंत राखून ठेवलीय, ओके?"

"त्या खोलीत चूल आहे?"

"जेवण आयतं मिळतं, आई! ट्रेमध्ये."

"म्हणजे नाही."

"आई, तू शब्द दिलायस."

दिला होता. लव्हॉनबाई शब्द मोडणाऱ्यातल्या नव्हत्या, म्हणूनच तर पंचाईत. समितीचा नकार मंगळवारी आला. आणि शुक्रवारी सकाळी बाईंच्या दारात लाल कंटेनर उभा राहिला.

"बाई, शहराची परवानगी आहे आपल्याकडे, पण त्या घरघर साहेबांची नाही," कामाचा कंत्राटदार रामिरो ओचोआ म्हणाला. "आज काय करायचं?"

"आतलं तर त्यांच्या बापालाही दिसत नाही. मधली भिंत पाड. मी टूसॉनला जाऊन खिडकी घेऊन येते. एक शाळा पाडलीय, तिथली."

"पण खिडकी नाकारलीय ना?"

"घेऊन ठेवते. खिडकी काही नासत नाही." आणि रामिरोच्या पुतण्याची पिकअप गाडी घेऊन ऐंशीला टेकलेल्या बाई भुर्रकन निघूनही गेल्या. आपली गाडी त्यांनी सकाळीच तेल बदलायला टाकली होती.

आता समोरच्या घरातल्या आर्डिसबाईंनी काय पाहिलं ते बघा. लव्हॉनच्या दारात लाल कंटेनर. लव्हॉनची गाडी नाही. दोन अनोळखी पुरुष ऑर्विलची तपकिरी आरामखुर्ची बाहेर काढतायत आणि हुप्प म्हणून कंटेनरमध्ये टाकतायत.

दुसऱ्या कुठल्याही मुलखातली बाई रस्ता ओलांडून विचारती, काय हो, काय झालं? पण आर्डिस पडली मिनेसोटाची. अशा प्रसंगी तोंड वर करून विचारणं तिथे असभ्य समजतात. तिथे अशा प्रसंगी ओव्हन लावतात. आर्डिसने डोळे पुसले, खिमा परतला, त्यावर डब्यातलं मशरूमचं सूप ओतलं, वर बटाट्याच्या गोळ्या रचल्या आणि ताटली आत सरकवली. याला इथे हॉटडिश म्हणतात. बारशापासून मयतापर्यंत हेच. मग तिने फोन हातात घेतला.

"मी कधी कुणाबद्दल वाईट बोलत नाही," आर्डिसचं प्रत्येक बोलणं इथूनच सुरू होतं, "पण लव्हॉनची भांडी फार कळकट असायची. बिचारी! झोपेतच गेली असणार."

जेवणाच्या वेळेपर्यंत गल्लीभर ती झोपेत गेली होती. दुपारी दोनला तिला तीन महिन्यांपासून छातीत दुखत होतं. तीन वाजता मर्लसाहेबांनी क्लबहाउसपुढचा झेंडा रिवाजाप्रमाणे निम्म्यावर आणला. लगेच आर्डिसने कॅरिनलाही फोन लावला, पण निरोप घेणारं मशीन लागलं, म्हणून मशीनलाच सांत्वन करून ठेवलं.

लव्हॉनबाई खिडकी घेऊन वसाहतीच्या फाटकातून आत आल्या, तो समोर अर्ध्यावरचा झेंडा. "अरे देवा, कोण गेलं?" त्यांनी मनातल्या मनात गल्ली मोजून काढली. वॉल्टर असेल, त्याचा रंग परवा बरा नव्हता. आता घरी जाऊन आधी हॉटडिश लावायला हवी. मग आठवलं, ओव्हन तर अंगणात पडलाय.

घरापुढे पाहतात तो ही गर्दी! गाडीच्या शेडमध्ये रामिरोने फळ्या टाकल्या होत्या, त्यांवर काचेच्या ताटल्यांची रांग लागली होती. सगळी हॉटडिश. एक हिरवी जेली, तिच्यात किसलेलं गाजर. बायका गडद कपड्यांत. रामिरो कोपऱ्यात टोपी काढून उभा. त्याला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण सगळे रडतायत म्हटल्यावर त्यानेही टोपी काढली होती.

"कोण गेलं गं, आर्डिस?" पिकअपमधून उतरत लव्हॉनबाईंनी विचारलं.

आर्डिस अशी किंचाळली, की कडेला झुडपात बसलेले लावे उडाले.

"वॉल्टर का?" बाई पुन्हा म्हणाल्या.

"मी इथे आहे," मागून वॉल्टर म्हणाला. "तू गेलीस."

"मी?"

"झोपेत," वॉल्टरने खुलासा केला. "छातीत दुखत होतं तुझ्या."

लव्हॉनबाईंनी कंटेनर पाहिला, आरामखुर्ची पाहिली, ताटल्या पाहिल्या, आणि सगळं लक्षात आलं. त्या हसायला लागल्या, आणि तेवढ्यात खिशातला फोन वाजला.

"आई?" पलीकडून कॅरिन. "आई, तू... तू जिवंत आहेस?"

"तक्रार आहे का?"

"इथे मशीनवर कुणीतरी रडतंय! मी विमानाचं तिकीट बघतेय! आई, हे आता बस झालं, ओके? रविवारी तू इकडे येतेस. समितीने नाही म्हटलंय, मला कळलंय."

"रविवार रविवारी," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला. पण हसू मावळलं होतं. शब्द तो शब्द. पिकअपमध्ये शाळेची खिडकी उन्हात चमकत होती.

तेवढ्यात मर्लसाहेबांची गाडी आली. त्यांच्या मांडीवर निळ्या फुलांची एक जुनी ताटली, फडक्यात गुंडाळलेली. बाईंना पाहून ते गाडीतच थिजले.

"हंऽ हंऽ. लव्हॉन. तुम्ही..."

"बरीय मी. तो झेंडा वर घ्या आधी. उगीच लोक घाबरतायत."

मर्लसाहेबांनी घसा खाकरला. "हंऽ. झेंडा असा वर घेता येत नाही. एकदा निम्म्यावर आला की सूर्यास्तापर्यंत निम्म्यावरच. नियम आहे."

"अहो, पण कुणी मेलंच नाही!"

"हंऽ हंऽ. नोंद झालीय. सूर्यास्तापर्यंत... नियमाने... तुम्ही मयत."

लव्हॉनबाईंनी डोळे बारीक केले. शाळेत एखादं पोर दोनदा पुडिंग घ्यायला रांगेत आलं, की त्या अशाच बघायच्या म्हणे.

"म्हणजे सूर्यास्तापर्यंत मी टिनकप मेसाची रहिवासी नाही?"

"हंऽ. तसं... नाही म्हणावं लागेल."

"आणि समितीचे नियम कुणाला लागू?"

"रहिवाशांना."

"मेलेल्यांना?"

मर्लसाहेबांचा घसा नुसताच घरघरला, गाडी काही सुरू झाली नाही.

"रामिरो!" बाई कडाडल्या. "टोपी घाल. करवत काढ. किती वेळ लागेल?"

रामिरोने आधी सूर्याकडे पाहिलं, मग भिंतीकडे. "वरची तुळई आहे तशीच राहतेय. खालचे ब्लॉक तेवढे कापायचे. होईल की!"

"मग बघत काय बसलास? मला फार दिवस मरायला वेळ नाही!"

काँक्रीटची करवत सुरू झाली आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या कानातलं यंत्र एकदम शिट्टी मारू लागलं. पांढरी धूळ हिरव्या खडीवर बसली. बायकांनी ताटल्यांवर पदरासारख्या शाली ओढल्या. वॉल्टर पहिला ब्लॉक पडताच टाळ्या वाजवू लागला. मर्लसाहेब गाडीतून उतरले, दोन पावलं पुढे आले, मागे गेले, पुन्हा पुढे आले. "हंऽ... हंऽ... हे..." त्यांचं ऐकायला कुणी रिकामं नव्हतं.

डोंगरामागे सूर्य टेकायला आला, तेव्हा भोकात शाळेची खिडकी बसली होती. फटी भरायच्या राहिल्या होत्या, पण खिडकी होती. लव्हॉनबाई आत गेल्या, आतून काच वर सरकवली, कोपरं टेकली, आणि आयुष्यात पहिल्यांदा ओट्याच्या जागेवरून बाहेर पाहिलं. ओटा अजून यायचा होता. फळी होती.

"जेवायला या!" त्या खिडकीतून ओरडल्या. "माझ्याच मयताचं आहे, लाजू नका!"

सगळे जेवले. ज्याची हॉटडिश त्यालाच नको होती, शेजारणीची हवी होती. बाई खिडकीतून वाढत होत्या. आर्डिसची ताटली पुढे आली तेव्हा म्हणाल्या, "मीठ कमी आहे गं. रडताना तरी चव बघायचीस." मर्लसाहेबांची निळी ताटली त्यांनी उचलली. ताटलीच्या बुडाला पट्टी होती, प्रत्येकाच्या असते तशी, ताटली चुकू नये म्हणून. तिच्यावर नाव मर्लचं नव्हतं. 'हेलन' लिहिलं होतं. मर्लसाहेबांच्या बायकोला, हेलनला, जाऊन सहा वर्षं झाली होती. बाईंनी ती ताटली स्वतः पुसली, दोन्ही हातांनी मर्लसाहेबांना परत दिली.

मग मर्लसाहेब उठले. झेंडा उतरवायची वेळ झाली होती, आणि समितीचं कामही होतं.

"हंऽ हंऽ. सूर्यास्त झाला. लव्हॉन पुन्हा रहिवासी आहेत. आणि ही खिडकी..." त्यांनी खिडकीकडे पाहिलं नाही. "परवानगीशिवाय आहे. माझं मत नाही असंच राहील. पण झालेलं काम पाडायचं, तर ते ज्यांना समोर दिसतं त्यांची तक्रार लागते. नियम आहे. समोर राहतात आर्डिस. तक्रार नसेल, तर समितीची परवानगी आहे असं धरतात."

सगळे आर्डिसकडे वळले. गल्लीत आर्डिसने तक्रार केली नाही अशी एकही गोष्ट नव्हती. वॉल्टरच्या कुत्र्यावर, चर्चच्या घंटेवर, एकदा तर चंद्रावर. लव्हॉनबाईंच्या हातात पळी तशीच राहिली. रविवारची ती चूल नसलेली खोली त्यांच्या डोळ्यांसमोर आली, ट्रेसकट.

आर्डिसने तोंडातला घास सावकाश गिळला, ओठ टिपले.

"मी कधी कुणाबद्दल वाईट बोलत नाही," ती म्हणाली, "पण लव्हॉनच्या घरात काय चाललंय ते वीस वर्षांत मला कधी धड दिसलं नाही. म्हणून तर आज हा घोळ झाला. खिडकी असती तर ही भिंत पाडतेय, की मेलीय, ते लगेच कळलं असतं. माझी तक्रार आहे."

"हंऽ?"

"तिने पडदा लावला तर."

लव्हॉनबाईंनी पळी खिडकीच्या चौकटीवर खाडकन आपटली. "पडदा? साठ वर्षं भिंतीकडे बघितल्यावर मी पडदा लावीन?" आणि त्यांनी तिथेच फोन काढून कॅरिनला लावला. "परवानगी झालीय. ती खोली सोडून दे. हो. हो. नाही, मी जिवंत आहे. आत्ता झाले. आणि ऐक, येशील तेव्हा मागच्या दाराने येऊ नकोस. पुढून ये, मला दिसशील. ओके?"

मर्लसाहेब झेंडा उतरवायला निघाले. त्यांची गाडी खिडकीसमोरून गेली तेव्हा लव्हॉनबाईंनी हात हलवला. त्यांनी पाहिलं नाही, मान ताठ ठेवली. पण घसा मात्र दोनदा घरघरला.

"उद्या सकाळी सात वाजता नाश्ता!" बाई मागून ओरडल्या. "आणि झेंडा पार वर पाहिजे!"